जुन्या हार्ड डिस्कमधील दप्तर बाहेर कसे काढावे?

तेल्हारा, हिवरखेड, दानापूर, बेलखेड आणि पलीकडे अकोटपर्यंतच्या वाचकांकडून एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत, परंतु एकाच काळजीने, वारंवार विचारला जातो. कोणाच्या माळ्यावर पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा संगणक जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला असतो व त्यात थोरल्या मुलीच्या लग्नाची आणि आता हयात नसलेल्या आजोबांची छायाचित्रे असतात. कोणा कृषी सेवा केंद्राच्या मालकाचा कित्येक सालांचा जमाखर्च टॅलीत अडकून पडलेला असतो. तहसील कचेरीसमोर डीटीपीचे दुकान चालविणाऱ्या गृहस्थांचे खरेदीखतांचे मसुदे, एखाद्या निवृत्त शिक्षकाने चिकाटीने टंकित केलेला गावाचा इतिहास, हे सारे त्या पेटीत असते आणि पेटी काही केल्या सुरू होत नाही. संगणक गेला, तेव्हा आतले सारे गेले असे समजावे काय, असा या सर्व पृच्छांचा आशय आहे.

बहुतेक प्रसंगी तसे समजण्याचे कारण नाही. आपण ज्यास बोलीत 'सीपीयू' म्हणतो त्या पेटीत विजेचा पुरवठा करणारा एसएमपीएस, मदरबोर्ड, मेमरी आणि हार्ड डिस्क ही परस्परांपासून भिन्न अशी अंगे असतात, आणि पेटी बंद पडते ती बहुधा पहिल्या तिहींपैकी एखाद्याच्या बिघाडामुळे. आपले दप्तर मात्र चौथ्या अंगात, म्हणजे हार्ड डिस्कमध्ये, यथास्थित असू शकते. ती डिस्क बाहेर काढून, एका लहानशा अ‍ॅडॉप्टरच्या साह्याने चालू स्थितीतील दुसऱ्या संगणकास यूएसबीमार्गे जोडली, की ती मोठ्या पेनड्राइव्हप्रमाणे उघडते. काम कठीण नाही. परंतु त्यात क्रमाला अतिशय महत्त्व आहे, आणि जे नुकसान होते ते अज्ञानापेक्षा घाईने अधिक होते, हे माझे मत मी आरंभीच नोंदवून ठेवतो.

पेटी उघडण्यापूर्वी

जी डिस्क वर्षानुवर्षे फिरलेली नाही तिला पुन्हा किती वेळ फिरता येईल हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. यास्तव आपणांस त्यातून नेमके काय हवे आहे, याची यादी प्रथम कागदावर करावी आणि ती महत्त्वाच्या क्रमाने लावावी. छायाचित्रे पुन्हा काढता येत नाहीत, हिशेबाच्या प्रती कदाचित सनदी लेखापालांकडे असतील, चित्रपट आणि गाणी तर कोठेही मिळतील. असा विवेक आधी केला म्हणजे डिस्कने ऐन वेळी दगा दिला तरी जे अनमोल ते हाती आलेले असते.

दुसरी तजवीज म्हणजे नक्कल ठेवण्यास रिकामी जागा. जुनी डिस्क ४० जीबीची असेल तर तेवढी जागा आजच्या कोणत्याही लॅपटॉपवर सापडेल. ती ५०० जीबीची असेल तर एक टीबीची नवी डिस्क आधीच आणून ठेवावी. वाचविलेला मजकूर त्याच जुन्या डिस्कवर दुसऱ्या फोल्डरात ठेवणे, हे मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये.

आपली डिस्क कोणत्या जातीची?

पेटीची बाजूची पत्र्याची झडप दोन स्क्रू काढताच सरकते. आत, पुढच्या बाजूस, सुमारे तळहाताएवढी, जड, धातूची जी वडी चार स्क्रूंनी बसविलेली असते तीच हार्ड डिस्क. तिच्या मागील बाजूच्या जोडणीवरून तिची जात ओळखावी.

- आयडीई (पाटा), ३.५ इंची: रुंद, चपटी, राखाडी पट्टी लागलेली असते व डिस्कवर दोन रांगांत मिळून ४० पिनांची जागा असते. विजेसाठी चार जाड पिनांचे वेगळे तोंड असते. सुमारे २००५ पर्यंत घेतलेल्या संगणकांत बहुधा हीच सापडते.
- आयडीई, २.५ इंची: जुन्या लॅपटॉपमधील. हिच्या ४४ बारीक पिनांतूनच वीजही जाते.
- साटा: २००३ पासून बाजारात आलेली. पिनांऐवजी इंग्रजी 'एल'च्या आकाराच्या दोन चपट्या खाचा असतात. लहान खाच सात स्पर्शांची, माहितीची. मोठी पंधरा स्पर्शांची, विजेची. ३.५ आणि २.५ इंची या दोन्ही आकारांत जोडणी एकच.
- एम.टू: अलीकडच्या लॅपटॉपमधील, च्युइंगगमच्या पट्टीएवढी सपाट चीप. हिच्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन पोटप्रकार असून दोहोंचे अ‍ॅडॉप्टर निराळे असू शकतात. लेबल वाचल्याखेरीज अ‍ॅडॉप्टर विकत घेऊ नये.

डिस्क काढण्यापूर्वी तिचे, तिच्या जोडण्यांचे आणि लेबलाचे मोबाइलवर स्पष्ट छायाचित्र घ्यावे. लेबलावर कंपनीचे नाव, क्षमता, अनुक्रमांक आणि जुन्या डिस्कवर जम्पर कसा बसवावा याची आकृती असते. या चारही गोष्टी पुढे उपयोगी पडतात.

अ‍ॅडॉप्टर घेताना

अकोल्याच्या संगणक-दुकानांत अथवा घरबसल्या मागवताना 'साटा-आयडीई टू यूएसबी कन्व्हर्टर' या नावाने चौकशी करावी. साटा, ४० पिनी आणि ४४ पिनी अशी तीनही तोंडे असलेला संच काहीशे रुपयांपासून दोन हजारांच्या आत मिळतो, आणि घरात कोणत्या काळातले यंत्र निघेल याचा भरवसा नसल्याने तोच घेणे शहाणपणाचे. परंतु किमतीपेक्षा दुसरीच एक गोष्ट निरखून पाहावी: संचासोबत विजेचा स्वतंत्र पुरवठा आहे की नाही.

याचे कारण थोडक्यात सांगणे अवश्य आहे. लॅपटॉपची २.५ इंची डिस्क केवळ ५ व्होल्टवर चालते व यूएसबीतून मिळणारी वीज तिला बहुधा पुरते. ३.५ इंची डिस्कला मात्र ५ व्होल्टखेरीज १२ व्होल्टही लागतात, आणि चकत्या फिरू लागण्याच्या क्षणी ती दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकते. यूएसबीतून १२ व्होल्ट मुळात मिळतच नाहीत. स्वतंत्र पुरवठा नसलेली स्वस्त केबल लावून 'डिस्क फिरतच नाही, ती मेली' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. तो निकाल देण्यापूर्वी योग्य पुरवठ्याचा अ‍ॅडॉप्टर एकवार लावून पाहणे हा त्या डिस्कचा हक्कच समजावा.

याउलट, घरात पडलेला सेट-टॉप बॉक्सचा किंवा राउटरचा अ‍ॅडॉप्टर 'तोंड बसते' एवढ्याच आधारावर लावू नये. व्होल्टची संख्या, अँपिअर आणि धन-ऋण ध्रुवांची खूण, या तिन्ही गोष्टी लेबलावर जुळल्या पाहिजेत. चार पिनांच्या विजेच्या तोंडाचे दोन कोपरे कापलेले असतात ते याचसाठी, की ते उलटे बसू नये. जोर लावून उलटे बसविल्यास ५ व्होल्टच्या मार्गात १२ व्होल्ट शिरतात आणि डिस्कवरील हिरवी पाटी (सर्किट बोर्ड) क्षणात जळते.

जोडणीचा क्रम

१. पेटीची मुख्य वीज काढावी. पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी व मगच डिस्कला स्पर्श करावा; हिरव्या पाटीला बोटे लावू नयेत.

२. आयडीई डिस्क असल्यास मागील बाजूस, पिनांच्या रांगेशेजारी, तांदळाच्या दाण्याहून किंचित मोठे असे जे प्लास्टिकचे टोपण असते तो जम्पर. तो लेबलावरील आकृतीप्रमाणे 'मास्टर' स्थितीत ठेवावा. तो 'स्लेव्ह' स्थितीत राहिल्याने डिस्क दिसत नाही, अशी प्रकरणे आश्चर्य वाटावे इतकी आहेत.

३. ४० पिनी पट्टीची लाल किनार विजेच्या तोंडाच्या बाजूस येते. एक पिन मुळातच नसते व समोरच्या तोंडात तेवढे छिद्र बुजविलेले असते. ते जुळवून, दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबावे, हलवू नये.

४. डिस्क लाकडी टेबलावर, दुमडलेल्या सुती कापडावर, आडवी ठेवावी. फिरत असताना तिला उचलणे, उभी करणे किंवा सरकविणे पूर्णतः वर्ज्य.

५. प्रथम डिस्क अ‍ॅडॉप्टरला जोडावी, नंतर वीज चालू करावी. आठ-दहा सेकंद कान देऊन ऐकावे. एकसुरी, चढत जाऊन स्थिरावणारा घुमार आणि मधूनमधून हलकी करकर, हा निरोगी आवाज. तो ऐकू आल्यावरच यूएसबी संगणकात घालावी.

६. काम झाल्यावर 'सेफली रिमूव्ह' करून वीज बंद करावी आणि चकत्या पूर्ण थांबेपर्यंत पंधरा-वीस सेकंद डिस्कला हात लावू नये.

पडद्यावरील प्रश्नांना काय उत्तर द्यावे?

येथे पुष्कळांचे हात घसरतात. विंडोज जे प्रश्न विचारते ते सद्हेतूने विचारते, परंतु आपले दप्तर वाचविण्याशी त्यांचा काही संबंध नसतो.

'डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू काय?' असा प्रश्न आल्यास उत्तर एकच: नाही. 'इनिशियलाइज करू काय?' यासही नाही. 'दोष आढळले, तपासून दुरुस्त करू काय?' यासही तूर्त नाही. कारण ही दुरुस्ती डिस्कवर लिहिते, आणि दुखावलेल्या डिस्कवर लिहिणे म्हणजे उरलेसुरले पुसणे. ज्या डिस्कवर काहीही लिहिले गेलेले नाही तिच्यातून आज ना उद्या कोणी तज्ज्ञ काहीतरी काढू शकतो, हे सूत्र मनाशी पक्के ठेवावे.

फॉरमॅटचा प्रश्न नेहमी बिघाडामुळेच येतो असेही नाही. विंडोज ९८ आणि एक्सपी यांच्या डिस्का आजचे विंडोज विनासायास वाचते, परंतु लिनक्सच्या किंवा अ‍ॅपलच्या संगणकातील डिस्क त्याला वाचता येत नाही, आणि न कळणाऱ्या लिपीस ते रिकामी पाटी समजते. अशा वेळी पेनड्राइव्हवरून चालणारे उबंटू लिनक्स सुरू करून, डिस्क केवळ वाचनासाठी उघडून पाहावी.

'आपणांस परवानगी नाही' हा आणखी एक नेहमीचा अडथळा. जुन्या संगणकावर पासवर्ड होता म्हणून घाबरू नये. विंडोजचा पासवर्ड हा दाराचा पहारेकरी असतो, माहिती कुलूपबंद करणारा नव्हे, आणि फोल्डरचा ताबा आपल्या नावे करून घेतला की मजकूर खुला होतो. मात्र ताबा बदलणे हेही लिहिणेच असल्याने, डिस्कच्या प्रकृतीविषयी शंका असल्यास आधी नक्कल, मग ताबा. ज्या फाइलींची नावे हिरव्या अक्षरांत दिसतात त्या कूटबद्ध केलेल्या असतात व जुन्या खात्याच्या प्रमाणपत्राविना उघडत नाहीत. तशा दिसल्यास जुने विंडोज पुसण्याची चूक करू नये. अलीकडच्या लॅपटॉपवर 'बिटलॉकर'चे कुलूप असल्यास ४८ अंकी किल्ली लागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते.

कोणते फोल्डर शोधावे?

- विंडोज ९८: 'माय डॉक्युमेंट्स', आणि सी-ड्राइव्हच्या मुळाशी नावाने केलेले फोल्डर.
- एक्सपी: 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरात प्रत्येक खात्याच्या नावाचा फोल्डर. त्यातील 'डेस्कटॉप' विसरू नये. घरोघरी सर्वाधिक महत्त्वाच्या वस्तू तेथेच सापडतात.
- व्हिस्टा व त्यापुढील: 'यूजर्स'.
- डी आणि ई ड्राइव्ह: आपल्याकडे कॉम्प्युटर बसविणाऱ्यांनी एकाच डिस्कचे तीन-चार भाग पाडून देण्याची पद्धत होती, प्रत्येक भाग उघडून पाहावा.
- टॅली: प्रोग्रॅमच्या फोल्डरातील 'डेटा'. आत केवळ आकड्यांच्या नावांचे फोल्डर दिसतील, प्रत्येक आकडा म्हणजे एक कंपनी. ते जसेच्या तसे, नाव न बदलता घ्यावेत. नव्या आवृत्तीत उघडताना त्यांचे रूपांतर करावे लागते व ते मूळ फोल्डरवर न करता प्रतीवर करावे.

मराठी मजकुराची विशेष अडचण

या विषयावर इंग्रजीत लिहिणारे मार्गदर्शक ज्या गोष्टीचा उल्लेखही करत नाहीत, आणि जी आपल्या वाचकांच्या दृष्टीने जवळजवळ सर्वांत महत्त्वाची आहे, तिच्याकडे आता वळतो. फाइल सुखरूप मिळते, उघडते, आणि पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि विचित्र चिन्हे यांची भेसळ दिसते. 'फाइल खराब झाली' असे समजून ती टाकून देणारे गृहस्थ आहेत. वस्तुतः ती फाइल पूर्णपणे निकोप असते.

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी टंकलेखन श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी किंवा सी-डॅकच्या 'आयएसएम'मधील सुरेख आदि फॉन्टांत होत असे. या पद्धतीत संगणक साठवीत असे ती इंग्रजी अक्षरांचीच संख्या; तिच्या जागी 'क' किंवा 'ळ' दाखविण्याचे काम केवळ त्या विशिष्ट फॉन्टचे होते. प्रत्येक कंपनीची अक्षरयोजना निराळी असल्याने एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात वाचता येत नाही. सबब, मूळ फॉन्ट नसेल तर मजकूर मुका होतो.

म्हणून डिस्क उघडल्याबरोबर, छायाचित्रांच्याही आधी, 'विंडोज' फोल्डरातील 'फॉन्ट्स' हा संपूर्ण फोल्डर उचलून ठेवावा. तो लहान असतो, काही मिनिटांत उतरतो. नुसते वाचण्यासाठी टंकलेखनाचे मूळ सॉफ्टवेअर वा त्याचे यूएसबी कुलूप लागत नाही. तो फॉन्ट नव्या संगणकात बसविला की वर्डमधील मजकूर बहुधा पुन्हा मराठीत उभा राहतो. त्यानंतर दोन कामे करावीत: एक, त्या स्थितीत प्रत्येक महत्त्वाच्या दस्तऐवजाची पीडीएफ करून ठेवावी, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधला जातो; दोन, ज्यावर पुढे काम करावयाचे आहे तो मजकूर त्या त्या फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा आणि जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासावी, कारण परिवर्तक हमखास अडखळतात ते याच तीन ठिकाणी.

लग्नपत्रिका, स्मरणिका आणि दिवाळी अंक बहुधा पेजमेकरमध्ये रचलेले असत. पेजमेकरची अखेरची आवृत्ती ७.० होती, तिच्या फाइली इनडिझाइनच्या सीएस-६ पर्यंतच्या आवृत्त्या उघडू शकत, आजच्या उघडत नाहीत. आपल्या तालुक्यातील ज्या डीटीपी-दुकानदारांकडे जुना संगणक अद्याप जिवंत आहे त्यांच्याकडे जाऊन अशा फाइलींची पीडीएफ करून घेणे हा आज उपलब्ध असलेला सर्वांत सरळ मार्ग आहे, आणि तो संगणक किती दिवस जिवंत राहील हे सांगता येत नसल्याने या कामी विलंब करू नये.

नक्कल आणि तिची रुजुवात

डिस्क निरोगी वाटत असेल तर यादीच्या क्रमाने फोल्डर उतरवून घ्यावेत. यूएसबी २.० च्या मार्गाने भरलेली ४० जीबीची डिस्क उतरण्यास अर्धा तास, आणि लहान लहान फाइलींचा भरणा असल्यास त्याहून बराच अधिक वेळ लागतो.

'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे विनामूल्य साधन डिस्कने स्वतः राखलेली प्रकृतीची नोंद दाखविते. 'रीअ‍ॅलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टरांपुढील कच्ची संख्या शून्य नसेल तर डिस्क खंगत चालली आहे असे समजावे. अशा डिस्कवर फोल्डर उघडत, छायाचित्रे पाहत हिंडू नये. लिनक्सवरील 'डीडी-रेस्क्यू' या साधनाने आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्यावी व पुढचा सारा शोध त्या प्रतिमेत करावा. हे साधन सुगम भाग प्रथम उतरविते, अवघड जागा मागे ठेवते, आणि काय झाले व काय राहिले याची नोंदवही राखते. त्यामुळे मध्ये वीज गेली तरी काम होते तेथून पुढे चालू करता येते. पुसलेल्या फाइली किंवा हरवलेले विभाग शोधण्यासाठी 'टेस्टडिस्क' आणि 'फोटोरेक' ही जोडसाधने विनामूल्य व विश्वसनीय आहेत, पण तीही प्रतिमेवरच चालवावीत.

नक्कल झाली म्हणजे रुजुवात. मूळ आणि प्रतीतील फाइलींची संख्या व एकूण आकार ताडून पाहावा आणि निरनिराळ्या फोल्डरांतील काही फाइली प्रत्यक्ष उघडाव्यात. मग दुसरी प्रत दुसऱ्या साधनावर, आणि शक्य तर दुसऱ्या घरी ठेवावी.

वऱ्हाडचा उन्हाळा, कूलर आणि वीज

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. सामान्य डिस्कची कार्यमर्यादा सुमारे ६० अंशांची असते. भर दुपारी टिनाच्या छताखाली, तासन्‌तास फिरणारी, पंखा नसलेली उघडी डिस्क ती मर्यादा सहज गाठते. हे काम पहाटे किंवा रात्री करावे. डिस्कवर साध्या टेबलपंख्याचा वारा येऊ द्यावा. परंतु कूलरच्या समोर ती ठेवू नये, कारण कूलर थंडाव्याबरोबर ओलावा आणि कधी पाण्याचे तुषारही फेकतो.

वीज जाण्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील, पण ३.५ इंची डिस्कचा पुरवठा भिंतीतून येतो, आणि नक्कल चालू असताना तो तुटणे अनिष्ट. अ‍ॅडॉप्टर इन्व्हर्टरच्या किंवा यूपीएसच्या बोर्डावरच लावावा.

आवाज बदलला, तर थांबा

पुढीलपैकी काहीही आढळल्यास त्याच क्षणी वीज बंद करावी:

- ठरावीक अंतराने येणारी टक्‌-टक्‌, टक्‌-टक्‌;
- खरवडल्यासारखा किंवा चिरकणारा आवाज;
- जळका वास;
- डिस्क पडलेली वा पुराच्या पाण्यात भिजलेली असणे;
- लेबलावर १६० जीबी असून संगणकात शून्य किंवा भलतीच क्षमता दिसणे.

टक्‌-टक्‌ म्हणजे वाचक शीर्ष आपली जागा शोधून परत परत अपयशी होत आहे. चकती आणि शीर्ष यांच्यात केवळ काही नॅनोमीटरचे अंतर असते. त्या अवस्थेत प्रत्येक नवा प्रयत्न चकतीवरील थर, म्हणजे आपली छायाचित्रेच, खरवडू शकतो. डिस्कचे झाकण घरी उघडू नये. धुळीचा एक कण पुरेसा होतो. ती फ्रीजमध्ये ठेवण्याचा जो उपाय ऐकिवात आहे त्याने आत दव जमते. तो करू नये. जळलेली हिरवी पाटी दुसऱ्या तशाच डिस्कची लावून भागत नाही, कारण प्रत्येक पाटीवरील चिपेत त्या एकाच डिस्कची मोजमापे नोंदलेली असतात व ती चीप कुशल हाताने बदलावी लागते.

अशा डिस्कसाठी धूळमुक्त कक्ष असलेली प्रयोगशाळा हाच मार्ग. तशा पुण्या-मुंबईकडे आहेत व त्यांचा आकार हजारो रुपयांच्या घरात असतो. तेथे जाताना डिस्क स्थिरवीज-रोधक पिशवीत, भोवती दोन बोटे जाडीचा फोम घालून न्यावी आणि एस.टी.च्या टपावर वा डिकीत न टाकता स्वतःच्या मांडीवर ठेवावी.

कारागिराच्या हाती डिस्क देताना आपले हक्क

आपला संपूर्ण खाजगी संसार आपण दुसऱ्याच्या स्वाधीन करीत असतो, ही जाणीव ठेवून पुढील गोष्टी संकोच न करता मागाव्यात.

- पावती: डिस्कचा अनुक्रमांक, दिलेली तारीख, कामाचे स्वरूप आणि अंदाजे आकार यांसह. माहिती न निघाल्यास किती पैसे द्यावयाचे, हेही लिहून घ्यावे.
- लेखी संमतीची अट: झाकण उघडणे, फॉरमॅट करणे किंवा डिस्क अन्यत्र पाठविणे आपल्या लेखी संमतीविना होऊ नये.
- प्रतींचा नाश: काम झाल्यावर दुकानातील संगणकावरची नक्कल आपल्या समक्ष पुसावी.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ अन्वये, ताब्यात घेतलेल्या वस्तूची सामान्य सुज्ञ मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घेणे कारागिरास बंधनकारक आहे. त्याचबरोबर कलम १७० त्यासही हक्क देते: केलेल्या कामाचा वाजवी मोबदला मिळेपर्यंत तो वस्तू अडवून ठेवू शकतो. आकार आधी ठरविण्याचा आग्रह याचसाठी.

सेवेत कसूर झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली अकोल्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाही, आणि राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. मात्र फुकट करून घेतलेल्या कामास हा कायदा लागू होत नाही. ओळखीच्या मुलाकडूनही काम करून घेताना रीतसर पैसे द्यावेत व पावती घ्यावी, हे दोघांच्याही हिताचे.

छायाचित्रे किंवा खाजगी माहिती कोणी बाहेर फोडल्यास प्रकरण केवळ ग्राहक-तक्रारीचे राहत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ७२-अ सेवेच्या निमित्ताने हाती आलेली व्यक्तिगत माहिती गैरहेतूने उघड करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरविते, आणि कोणाच्या विवस्त्र अवस्थेतील खाजगी छायाचित्रांविषयी कलम ६६-ई स्वतंत्रपणे लागू होते. भीतीपोटी किंवा लाजेपोटी गप्प न राहता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर फिर्याद द्यावी.

दस्तऐवज न्यायालयात दाखवावयाचा असल्यास

वाटणी, उसनवारी किंवा नोकरीच्या वादात जुन्या संगणकातील फाइल पुरावा म्हणून हवी असेल, तर वरील कोणताही प्रयोग स्वतः करू नये. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये अशा नोंदीसोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते व त्यात फाइलीचे हॅश-मूल्यही नमूद करावे लागते. आपण सहज उघडून जतन केलेल्या फाइलीवर तारखा बदललेल्या दिसतात आणि प्रतिपक्षाच्या वकिलास हरकतीचे कारण मिळते. डिस्क जोडण्याआधीच वकिलांचा सल्ला घ्यावा.

शाळा, ग्रामपंचायत किंवा अन्य सरकारी कचेरीची डिस्क असल्यास तिच्यातील नोंदी या सार्वजनिक अभिलेख असू शकतात व त्यांच्या नाशास महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ ची बंधने आहेत. निर्लेखनाच्या यादीत संगणक चढला म्हणजे आतील दप्तरही निर्लेखित झाले, असा अर्थ कोणी करू नये.

भंगारात देण्यापूर्वी

दोन प्रती झाल्या, रुजुवात झाली, आणि जुनी डिस्क नकोशी झाली तरी ती तशीच भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नये. आपण जे अ‍ॅडॉप्टरने काढले ते दुसराही काढू शकतो. डिस्क चालू असल्यास तिच्या प्रत्येक भागाचे 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे. व्हिस्टापासूनच्या विंडोजमध्ये ते त्या संपूर्ण भागावर शून्ये लिहिते. चालत नसल्यास चकत्यांतून ड्रिलने दोन-तीन छिद्रे पाडावीत. लॅपटॉपच्या डिस्कमधील चकत्या काचेच्या असू शकतात, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा अवश्य असावा. त्यानंतरची वडी ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत संकलकाकडे द्यावी.

आपल्या माळ्यावर अशी पेटी असेल तर मृगाच्या सरी सुरू होण्यापूर्वी तिच्यातील डिस्क काढून कोरड्या डब्यात ठेवावी, लेबलाचे छायाचित्र घ्यावे आणि हव्या असलेल्या वस्तूंची यादी आजच लिहून काढावी, एवढी सर्व वाचकांना आग्रहाची विनंती आहे.